अकरा चाळीस, बहुधा गाय

१ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ८.१५
नवी वही, नवं पेन. रोज एक पान लिहायचं. हे कुणी वाचणार नाही, तेव्हा भीडभाड न ठेवता लिहायचं.

मोठी बातमी! हॅगरबी वाचन मंडळाला नोव्हेंबरच्या व्याख्यानासाठी माझ्याशिवाय दुसरं नावच सुचलं नाही. (रानातल्या अळंब्यांवर बोलणार होते ते गृहस्थ पोटाच्या दुखण्याने आडवे झालेत. काय खाल्लं होतं, हे कुणी विचारलं नाही. बरं दिसत नाही ते.) चौदा नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी अडीच, गावचा हॉल.

विषय माझा मीच दिला: 'आपल्या ब्रिटिश पुस्तकांत आणि सिनेमांत भविष्याचं दर वेळी वाटोळंच का होतं?' डिस्टोपिया म्हणतात हल्ली याला. अध्यक्षा हार्डस्टाफबाईंनी फोनवर विषय दोनदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "मिस्टर पिंचबेक, थोडं हलकंफुलकं करता येईल का? नंतर चहा असतो ना." मी म्हटलं, बाई, जगबुडीवर माझ्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस तुम्हाला पंचक्रोशीत मिळायचा नाही.

आणि ही काही फुशारकी नाही. निचरा मंडळात एकतीस वर्षं कालवे-चर मोजले ते पोटासाठी. खरं काम निराळं होतं. बीटच्या शेताखाली आमची चौकी होती. जमिनीखाली पंधरा फुटांवर एक खोली, वर लोखंडी झाकण, आत शिडी, एक टेलिफोन. अणुबॉम्ब पडलाच तर तो कुठे पडला, केवढा होता आणि त्याची धूळ कुणीकडे चालली, हे मुख्यालयाला कळवायचं. आम्ही तिघे स्वयंसेवक. तिघांना चौदा दिवस पुरेल एवढं डबाबंद अन्न. बाहेरच्यांचं काय करायचं, हे आमच्या पुस्तिकेत नव्हतं. दर बुधवारी सात ते नऊ सराव. सांगायचा मुद्दा, या विषयाचा मला नुसता अभ्यास नाही, अनुभव आहे.

टेसाला बोलवायचं. टेसा म्हणजे माझी लेक, लीड्सला असते, चव्वेचाळीस वर्षांची. माझी बायको मॉरीन गेली त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून टेसाला इकडे यायला सवड झालेली नाही. कामं असतात तिला. विषय तिच्या आवडीचा आहे म्हणून बोलवायचं, बाकी काही नाही.

२ ऑक्टोबर
लिहिण्यासारखं काही नाही.

५ ऑक्टोबर. दुपार
संकल्प: (१) रोज दोन मैल चालणं. (२) कस्टर्डची बिस्किटं बंद. (३) भाषणाची चाळीस पानं महिनाअखेरपर्यंत.

प्रगती: पाऊस आहे, त्यामुळे चालणं नाही. चालणं नाही म्हणून मन रमवायला बिस्किटं. भाषणाचं एक पान झालं. पहिला सिद्धांत: हवामान. आपल्याकडे आभाळ वर्षातून नऊ महिने राखाडी. अशा आभाळाखाली बसून कुणाला सोन्याचं भविष्य दिसेल? कॅमेरा बाहेर काढला की अर्धा सिनेमा आपोआप तयार. वाचून पाहिलं. फार भारी उतरलंय.

टेसाला पत्र लिहिलं. पहिल्या खर्ड्यात 'तू आलीस तर फार बरं वाटेल' असं होतं, ते उगाच रडकं वाटलं. दुसऱ्यात 'तुझ्या आईलाही आवडलं असतं' असं होतं. तेही खोडलं. शेवटी वेळ, ठिकाण, बसचं वेळापत्रक एवढंच पाठवलं. शिवाय 'आसनव्यवस्था मर्यादित.'

९ ऑक्टोबर
टेसाचा मेसेज आला. अक्षरं तीनच: 'बघते.'

'बघते' म्हणजे जवळजवळ होच. नसतं यायचं तर 'जमणार नाही' म्हणाली असती. तिच्या आईचीही हीच पद्धत होती. एवढ्या वर्षांत मॉरीनने मला कधी 'नाही' म्हटलं नाही. कशाबद्दल विचारलंही नाही. असं समजूतदार माणूस मिळायला नशीब लागतं.

१२ ऑक्टोबर. सकाळी ११.४५
पाच मिनिटांपूर्वी दार वाजलं. तीनदा, हळूच, मध्ये थांबून थांबून. उघडलं तर कुणी नाही. पायरी ओली होती, पण पायांचे ठसे नव्हते.

पाण्याचे पाइप असणार. जुनं घर आहे.

१५ ऑक्टोबर
पुन्हा. त्याच वेळी. प्लंबरला बोलावलं. त्याने सगळं घर पालथं घातलं, पाइपांवर कान ठेवून बसला. म्हणाला, "पाइप ठणठणीत आहेत हो काका. एकटेच राहता का?" मी म्हटलं, त्याचा काय संबंध? दोन कप चहा प्यायला आणि गेला. आजकाल कामाची माणसं मिळत नाहीत.

१७ ऑक्टोबर
दुसरा सिद्धांत. हा जबरदस्त आहे. आपण एके काळी अर्ध्या जगावर राज्य केलं. लोकांच्या गावांत शिरलो, नावं बदलली, कुणी कुठे राहायचं ते ठरवलं, याद्या केल्या. आता मनात धाकधूक आहे की हे सगळं एक दिवस आपल्याच गल्लीत होणार. म्हणून आपल्या गोष्टींत सतत कुणीतरी येतं, दारं ठोठावतं, माणसांना नंबर देतं. आपलंच केलेलं आपल्याला भविष्य म्हणून दिसतं.

हार्डस्टाफबाईंना फोनवर वाचून दाखवलं. म्हणाल्या, "बापरे." पुढे म्हणाल्या, "हवामानाचं छान होतं. तेच वाढवा की."

२१ ऑक्टोबर. सकाळ
भाषणात विनोद हवाच, असा बाईंचा हट्ट आहे. मग गाईचा किस्सा घालायचं ठरवलं. इथे आधी नीट उतरवून ठेवतो.

नोव्हेंबर १९८३. मंगळवार. मी रजेवर होतो, गटार साफ करत होतो. टेसा आठ वर्षांची, गालगुंड झालेलं, गालांभोवती मफलर बांधून अंथरुणात. मॉरीन तिच्यापाशी. अकरा वीसला गावचा भोंगा वाजला. सरावाचा दिवस नव्हता. सरावाचा सूरही नव्हता. वर-खाली, वर-खाली, खरा.

मी अजिबात घाबरलो नाही. मॉरीनला सांगितलं, सरकारी पत्रकात दिलंय तसं जिन्याखाली बसा, दार लावून घ्या. सायकल काढली. आठ मिनिटांत चौकीवर. डेरेक ब्लेड्स आधीच आला होता. तिसरा आलाच नाही. (तो नंतर सांगायचा, सायकल पंक्चर होती. असेलही.) नियमाप्रमाणे झाकण लावलं, आतून कडी घातली. नियम असा की एकदा लावलेलं झाकण वरून हुकूम आल्याशिवाय उघडायचं नाही.

अकरा चाळीसला झाकणावर ठकठक झाली. डेरेकने माझ्याकडे पाहिलं. नोंदवहीत प्रत्येक आवाज लिहायचा असतो. मी शांतपणे सांगितलं, लिही: 'अकरा चाळीस. झाकणावर आवाज. बहुधा गाय.'

सव्वा वाजता मुख्यालयाचा फोन आला. भोंग्याच्या तारेत पाणी शिरलं होतं. बॉम्ब वगैरे काही नाही, घरी जा. घरी गेलो. मॉरीनने बटाटे सोलायला घेतले होते. मी विचारलं, जेवायला काय आहे? तिने सांगितलं. झालं. सगळं पूर्ववत.

जग बुडतंय आणि दोन इंग्रज जमिनीखाली बसून गाईची नोंद करतायत! लोक हसून हसून लोळतील.

२४ ऑक्टोबर
डेरेककडे गेलो होतो. तो आता वृद्धाश्रमात असतो, ब्याऐंशी वर्षांचा. जुनी नोंदवही त्याच्याकडेच आहे. व्याख्यानात ते पान सगळ्यांना दाखवावं असं मनात होतं.

वही दिली त्याने. मी हसत हसत म्हटलं, डेरेक, त्या गाईने आपल्याला अमर केलं बघ. तो हसला नाही. म्हणाला, "लेन्या, बीटच्या शेतात गाय कुठून आली रे? त्या शेतात कधी गाय होती?"

मी म्हटलं, चुकून आली असेल.

तो म्हणाला, "आणि तीनदा वाजवून थांबली? गाय 'प्लीज' म्हणत नाही, लेन्या. तूही ऐकलंस, मीही ऐकलं. मी लिहिलं ते तू सांगितलंस म्हणून. तेव्हापासून मला बीट खाववत नाही."

म्हातारा भ्रमिष्ट झालाय. नर्सला तसं सांगून आलो. ती म्हणाली, "छे हो, आमच्याकडचं शब्दकोडं तेच सोडवतात."

२५ ऑक्टोबर
दिवसभर डोकं उठलं होतं. डेरेकला काय माहीत? तो टेलिफोनपाशी होता, मी शिडीपाशी. मला जास्त स्पष्ट ऐकू येत होतं.

म्हणजे, ऐकू येत नव्हतं, असं म्हणायचंय मला.

बिस्किटं: अकरा.

२ नोव्हेंबर. दुपार
शास्त्रीय प्रयोग करून वाद कायमचा मिटवायचा ठरवलं. चौकी अजून आहे. फाटकावर जुनी पाटीही आहे: 'अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही.' मी क्षणभर थबकलो. मग आठवलं, मी अधिकृत आहे. होतो तरी.

झाकणाला आता कुलूप आहे, आत जाता येत नाही. माणसाची टकटक खाली ऐकू जाणं शक्य नाही, हे सिद्ध करायचं होतं. पण वर वाजवायचं आणि खाली ऐकायचं ही दोन्ही कामं एकट्याला कशी जमणार? तोड काढली. फोनवर रेकॉर्डिंग लावलं, फोन दोरीला बांधला आणि हवेच्या नळकांड्यातून खाली सोडला. मग झाकणावर बोटांनी तीनदा वाजवलं. थांबलो. पुन्हा तीनदा. आणि प्रयोग पूर्ण व्हावा म्हणून हळूच म्हटलं, "प्लीज."

शेतात दुसरं कुणी नव्हतं. तरी मान वळवून पाहिलं.

घरी येऊन ऐकलं. टकटक खणखणीत. 'प्लीज' इतकं स्पष्ट की पुढचा माझा श्वासही त्यात आहे. हल्लीचे फोन जरुरीपेक्षा जास्त ऐकतात. १९८३ साली माणसाच्या कानांना एवढं ऐकू येत नव्हतं. प्रयोग अनिर्णित.

तेव्हापासून रेडिओ मोठ्याने लावून ठेवलाय.

६ नोव्हेंबर
तिसरा सिद्धांत. पहिले दोन बाजूला ठेवले तरी चालेल. आपल्या प्रत्येक वाटोळ्याच्या गोष्टीत एक दार असतं आणि एक यादी असते. कोण आत, कोण बाहेर, हे कुणीतरी सभ्य माणूस ठरवतो. तो राक्षस नसतो. हातात फॉर्म असतो, आवाज मऊ असतो, 'माफ करा' म्हणून दार लावतो. इतर देशांच्या गोष्टींत लोक दार फोडतात. आपल्याकडे बाहेरचेही रांगेत उभे राहतात.

हे पान लिहिलं आणि मग जरा बाहेर जाऊन आलो. चार मैल झाले. संकल्प दुप्पट पूर्ण.

हॉलच्या भिंतीवर व्याख्यानाचं पोस्टर लागलंय. माझं नाव बरोबर आहे, चित्र अळंबीचं.

८ नोव्हेंबर
टेसा येतेय!! 'गुरुवारी येते. रात्री राहणार नाही.' एवढंच.

मी सांगितलं होतं ना, 'बघते' म्हणजे हो. तिची खोली झाडली. चादर बदलली. म्हणजे दमली तर दुपारी पडेल थोडी. आल्याचा केक आणला. तिला आवडतो की मॉरीनला आवडायचा, ते नक्की आठवेना, म्हणून लिंबाचाही आणला.

काय बोलायचं तिच्याशी? भाषण आहे, पुष्कळ विषय निघतील.

१० नोव्हेंबर, रविवार
शहिदांचा दिवस. अकरा वाजता स्मारकापाशी सगळं गाव उभं होतं. दोन मिनिटं शांतता. दरवर्षी असते, दरवर्षी मी ताठ उभा राहतो, छातीवर बिल्ला लावून.

आज त्या दोन मिनिटांत सगळं ऐकू आलं. तीन ठोके. थांबणं. तीन ठोके. कुणाच्या तरी छत्रीची मूठ रेलिंगवर आपटत होती, मी पाहिलं, तरी रांग सोडून दोन पावलं मागे सरलो. हार्डस्टाफबाईंनी दंड धरला. विचारलं काहीच नाही. आमच्यात विचारत नाहीत.

घरी येऊन बसलोय. दुपारचे दोन. लिहितो, कारण हे कुणी वाचणार नाही.

गाय नव्हती.

मला तेव्हाच कळलं होतं. मॉरीन होती. टेसा गालगुंडाने आजारी, तिला शेजारी ठेवून मॉरीन एकटी आली असणार. आवाज वरून दबून येत होता, पण बाईचा होता. मी शिडीच्या खालच्या पायरीवर होतो. कडी हाताच्या अंतरावर नव्हती, चढावं लागलं असतं. बारा पायऱ्या. तिसरी जागा रिकामी होती. डबे होते. मी डेरेककडे वळून गाय म्हणालो.

भीती वाटली मला. नियमाची नव्हे. ती आत आली असती तर मला तिच्याकडे चौदा दिवस पाहावं लागलं असतं, आणि मी टेसाला वर सोडून कसा आलो, हे सांगावं लागलं असतं.

पण मॉरीन मोठी बाई होती. नियम तिला ठाऊक होते. तिला पटलं असणार. नसतं पटलं तर बोलली नसती का? बत्तीस वर्षं होती त्यानंतर. एक शब्द बोलली नाही. म्हणजे माफ केलं. हे असंच आहे. याहून वेगळं काही नाही.

मग वाटोळ्याच्या गोष्टी आपल्याला का लागतात, तेही आज उमगलं. जे स्वयंपाकघरात बोलायचं धाडस होत नाही, ते आपण पन्नास वर्षं पुढे ढकलतो, वर थोडा धूर सोडतो, चारदोन कॅमेरे लावतो आणि म्हणतो, बघा काय होणार आहे. होऊन गेलेलं असतं सगळं. बटाटे सोलून झालेले असतात.

चौथा सिद्धांत. भाषणात घालायचा की नाही, ते बघू.

१३ नोव्हेंबर. सायंकाळी ५
अंतिम आराखडा. हवामान: दहा मिनिटं. साम्राज्य: दहा. दार आणि यादी: पाच. गाईचा किस्सा: सात (हशा धरून). शेवटी टेसाच्या समोर उभं राहून, सर्वांदेखत, खरं सांगायचं की ती गाय नव्हती, तुझी आई होती, आणि मला क्षमा असावी. एक मिनिट. लोकांसमोर सांगितलं की सोपं पडतं, वाक्यं आधी लिहून नेता येतात.

माझा अंदाज, टेसा उठून येईल. मिठी वगैरे आमच्यात नाही, पण खांद्यावर हात ठेवेल. मग घरी जाऊ, केक खाऊ. कदाचित राहीलही ती.

आवाज चांगला आहे. घसा साफ आहे. मी तयार आहे.

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सायंकाळी ६
टेसा पाच दहाच्या बसने गेली. क्रमाने लिहितो.

हजर: अकरा. त्यातल्या दोघी विणकामाचा वर्ग समजून आल्या होत्या, पण उठून जाणं बरं दिसत नाही म्हणून बसल्या. तिघांनी अळंब्यांबद्दल विचारलं.

अडीचला सुरू केलं. हवामान छान गेलं. साम्राज्याच्या वेळी एक गृहस्थ छताकडे बघत राहिले. टेसा पावणेतीनला आली. शेवटच्या रांगेत बसली, कोट काढला नाही. केस पिकलेत तिचे. मॉरीनसारखी दिसते, नाकापासून खाली.

गाईचा किस्सा सांगितला. हशा! सात मिनिटांचा नाही, पण बराच. हार्डस्टाफबाई डोळे पुसत होत्या. टेसा माझ्याकडे पाहत होती. हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. बस यायची वाट पाहावी तशी पाहत होती.

मग मी कागद बाजूला ठेवला. म्हणालो, ती गाय नव्हती. माझी बायको होती. मला आवाज कळला होता. तिसरी जागा रिकामी होती. मी उघडलं नाही.

 विणकामाच्या सुया थांबल्या. पुढचं वाक्य, क्षमेचं, तोंडातून निघेना. तेवढ्यात हार्डस्टाफबाई उठल्या. म्हणाल्या, "मिस्टर पिंचबेक, आभारी आहोत. फारच... विचार करायला लावणारं. चहा तयार आहे." टाळ्या झाल्या. प्रश्न कुणी विचारला नाही. एक बाई जाताना म्हणाल्या, "हवामानाचं अगदी खरं आहे हं."

सगळे गेल्यावर टेसा आणि मी हॉलच्या मागच्या छोट्या स्वयंपाकघरात कप विसळत होतो. तिला चहा ओतून दिला. ती म्हणाली, "बाबा, चांगलं बोललात." मी म्हटलं, तुझ्या आईला कळलं असेल ना गं? तिला नियम माहीत होते.

तिने बराच वेळ एकच कप पुसला. मग म्हणाली, "आणि मी असते तर? मी एकटी असते, आई नसती, तर?"

मी क्षणाचाही विलंब लावला नाही. म्हटलं, तू? तुला उघडलं असतं गं! हा काय प्रश्न झाला? लेकरू ते. नियम गेला खड्ड्यात. एका ढांगेत वर आलो असतो.

ती म्हणाली, "आई फाटकापाशी थांबली होती."

मला आधी कळलंच नाही.

"पाटी होती ना तिथे," टेसा म्हणाली, "अनधिकृत व्यक्तींना प्रवेश नाही. आईने वाचली आणि थांबली. म्हणाली, लहान मुलांना ही पाटी लागू नसावी, तू जा. तीनदा वाजव, थोडं थांब, ते कामात असतील. आणि 'प्लीज' म्हणायला विसरू नकोस."

तिने कप फळीवर ठेवून दिला. 

"मी दोनदा म्हटलं, बाबा. गालगुंडाने तोंड उघडत नव्हतं, म्हणून आवाज जाड आला असेल. मग मी परत फाटकाकडे गेले. आईला सांगितलं, बाबा आत नाहीयेत. आई म्हणाली, हो, नसतील. घरी गेल्यावर त्यांना विचारू नकोस हं. विचारलं की त्यांना उत्तर द्यावं लागेल."

म्हणून त्यांनी विचारलं नाही. एकीने बत्तीस वर्षं, दुसरीने छत्तीस.

मला माफी मागायची होती. खरोखरच मागायची होती, लिहून आणलेली नव्हे.  डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि ती मान खाली घालून, मला बरं वाटावं म्हणून, ते न पाहिल्यासारखं करत होती. थांबली ती माझ्यासाठी. पुरेसा वेळ थांबली.

मी म्हणालो, "तुझा चहा गार होतोय."